स्मारकशिळा आणि साक्ष : कुंकळ्ळीच्या निमित्ताने

इस्राएल लोक यार्देन ओलांडून आले तेव्हा नदीच्या कोरड्या पात्रातून बारा धोंडे उचलून ते गिलगाल येथे उभे करण्यात आले. यामागचा हेतू यहोशवाच्या चौथ्या अध्यायात सांगितलेला आहे. पुढे कधी मुलांनी या धोंड्यांचा अर्थ विचारला, तर वडिलांनी त्यांना तो सांगावा. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी या उताऱ्यावर केव्हा ना केव्हा प्रवचन केलेच असेल. तथापि त्यातील एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. त्या धोंड्यांवर काही कोरल्याचा उल्लेख नाही. मूल विचारते आणि बाप सांगतो, म्हणजे स्मृती राहते ती त्या दोघांच्या बोलण्यात. धोंडा केवळ प्रश्नाचे निमित्त होतो. आधुनिक राष्ट्राचे स्मारक असे नसते. त्याच्या चौथऱ्यावर लेख असतो, लेखात निकाल असतो, आणि वर्षातून एक दिवस हार, ध्वज व भाषणे यांनी तो निकाल कायम केला जातो. मुलाने विचारावे असे तेथे काही शिल्लक ठेवलेले नसते.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार गोव्याच्या, आणि त्यातही साष्टीतील कुंकळ्ळी या गावाच्या संदर्भात करणार आहोत. त्याला एक कारण घडले. दोन वर्षांपूर्वी धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही कुंकळ्ळीच्या पाच धन्य हुतात्म्यांवर व्याख्यान दिले. व्याख्यान संपल्यावर साष्टीकडील एक प्रौढ धर्मशिक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “फादर, त्या दिवशी आमचे पूर्वज कोणत्या बाजूला होते?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रक्ताचे बीज, श्रद्धेचे पीक वगैरे शब्द आमच्या तोंडी आयतेच होते. ते गृहस्थ नम्रपणे “बरे, फादर” म्हणून खाली बसले. त्यांचा तो नम्रपणा आम्हांला अजून टोचतो.

आधी घटना थोडक्यात सांगितली पाहिजे. साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला आणि तेथील धर्मकार्य येशूसंघाकडे सोपविण्यात आले. १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने साष्टीतील शेकडो देवळे पाडली. कुंकळ्ळी, असोळणे, वेळी, आंबेली आणि वेरोडा ही दक्षिणेकडील गावे मात्र नमली नाहीत. त्यांनी पाडलेली देवळे पुन्हा बांधली, करही नाकारला. त्यांच्यावर लष्करी मोहिमा झाल्या, देवळे जाळली गेली. जुलै १५८३ मध्ये फादर रुडॉल्फ आक्वाविवा, फादर आल्फोन्सो पाशेको, फादर पिएत्रो बेर्नो, फादर आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्या हे पाच येशूसंघीय चर्चसाठी जागा निवडावी व तेथे क्रूस उभारावा म्हणून कुंकळ्ळीस गेले. त्यांच्याबरोबर गोन्सालो रॉद्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आणि काही देशी ख्रिस्ती होते. गावकऱ्यांनी त्यांना घेरले. रॉद्रिग्जने बंदूक सावरली, तेव्हा पाशेकोंनी त्याला थांबविले. आपण लढण्यासाठी आलेलो नाही असे ते म्हणाले. पाचही येशूसंघीय मारले गेले. त्यांची शवे विहिरीत टाकण्यात आली, पुढे ती मिळवून राशोल येथे पुरण्यात आली आणि आज ते अवशेष जुन्या गोव्याच्या सेंत कॅथेड्रलमध्ये आहेत. १७४१ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हे हौतात्म्य सिद्ध झाल्याचे जाहीर केले आणि १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पाचही जणांना धन्यपद दिले.

याच घटनेचा दुसरा अर्धा भाग आमच्या प्रवचनांत क्वचितच येतो. या हत्येनंतर पोर्तुगीजांनी गावाचा सूड घेतला. मग गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविण्यात आले. गावच्या परंपरेप्रमाणे सोळा जण गेले. चौकशी नाही, न्याय नाही; पंधरा जणांना तेथेच ठार करण्यात आले. एकाने नदीत उडी घेतली आणि तो सुटला. या प्रमुखांचे स्मारक या शतकाच्या प्रारंभी कुंकळ्ळीत उभे राहिले आहे आणि दर जुलै महिन्यात तेथे त्यांना मानवंदना दिली जाते. म्हणजे एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच वर्षातील मृत्यूंचे दोन स्मरणसोहळे होतात, आणि दोन्हीकडे मृतांना मराठीत एकच शब्द लावला जातो : हुतात्मे.

या शब्दापाशी आम्ही थोडे थांबणार आहोत. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांनी घडविला असे मानले जाते, आणि तो मराठीत इतका रुळला की ख्रिस्तसभेनेही तो उचलला. मुंबईचा हुतात्मा चौक, १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींचे पत्रादेवी येथील स्मारक, बेळगावात १७ जानेवारीला पाळला जाणारा हुतात्मा दिन या सर्व ठिकाणी हाच शब्द आहे. शब्दाचा अर्थ उघड आहे. ज्याने स्वतःला आहुती म्हणून दिले तो हुतात्मा. आहुती म्हटले की कुंड आले, आणि ज्याच्यासाठी ते पेटले ती देवताही आली. राष्ट्राच्या भाषेत ती देवता म्हणजे राष्ट्रच. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द मात्र न्यायालयातून आलेला आहे. त्याचा साधा अर्थ साक्षीदार. साक्षीदार काय पाहिले ते सांगतो आणि त्या सांगण्याची किंमत मोजतो. तो कशाचीही आहुती होण्याच्या हेतूने उभा राहिलेला नसतो. आमच्या जुन्या धर्मग्रंथांत ‘रक्तसाक्षी’ असा शब्द आढळतो. तो कानाला जड वाटतो म्हणून आम्ही टाकून दिला असावा. ते बरे झाले नाही असे आमचे मत आहे. ‘हुतात्मा’ म्हटले की प्रश्न उरतो तो एवढाच की कोणासाठी मेला. ‘साक्षी’ म्हटले की विचारावे लागते, काय पाहिले आणि कशाविषयी साक्ष दिली?

हा केवळ शब्दच्छल नव्हे. राज्यसत्ता संतांना कशी वापरते याचे पुरावे गोव्याच्या दगडांतच आहेत. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना ती उभी राहिली. १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. एका बाजूस पणजोबाची मूर्ती आहे. दुसऱ्या बाजूस एक स्त्री आहे, हातात तलवार, पायाखाली एक देशी पुरुष. ही स्त्री संत कॅथरीन समजली जाते, कारण अफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, हा तिच्या सणाचा होता. परंपरा सांगते की कॅथरीन सम्राटाच्या आज्ञेने मारली गेली, आणि तिच्या चित्रांत दिसणारी तलवार ही तिची मान ज्या शस्त्राने छाटली गेली त्याची खूण. येथे साम्राज्याने तीच तलवार तिच्या हाती देऊन तिला वेशीवर पहाऱ्यास उभे केले आहे. संतचरित्राची इतकी विटंबना एखाद्या नास्तिकाने केली असती, तर आम्ही निषेधसभा घेतली असती.

१९६० हे वर्षही असेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी लिस्बन येथे नदीकाठी दर्यावर्दी राजपुत्र हेन्री याच्या पाचशेव्या पुण्यतिथीनिमित्त शोधयात्रांचे भव्य स्मारक कायमच्या दगडात उभे राहिले. १९४० मध्ये एका राष्ट्रीय प्रदर्शनासाठी त्याची तात्पुरती आवृत्ती झाली होती. जहाजाच्या आकाराच्या त्या स्मारकावर तेहतीस आकृती आहेत. राजे, खलाशी, नकाशे काढणारे, जिंकणारे. त्या रांगेत संत फ्रान्सिस झेवियरही आहे. त्याच १९६० मध्ये जुन्या गोव्यात, कॅथेड्रल आणि बॉम जेझूसच्या मधल्या मोकळ्या जागेत, कवी कामोंइश याचा पुतळा बसविण्यात आला. दुसऱ्याच वर्षी १९ डिसेंबरला पोर्तुगीज राजवट संपली. मावळते साम्राज्य दगड अधिक घाईने उभारते असे दिसते.

पुढे काय झाले तेही बोलके आहे. १९८० मध्ये कामोंइशचा पुतळा स्फोटाने उडविण्याचा प्रयत्न झाला आणि १९८३ मध्ये तो जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात हलविण्यात आला. आल्बुकेर्कचा पुतळाही तेथेच आहे. पणजीतील ज्या मंडपात तो पूर्वी उभा होता, ती जागा आता आझाद मैदान म्हणून ओळखली जाते आणि तेथे स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण केले जाते. त्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातील एका पडक्या दोमिनिकन चर्चचे आहेत. संग्रहालय आहे ते असिसीच्या संत फ्रान्सिसच्या जुन्या मठात. म्हणजे चर्चचे खांब आधी विजेत्याच्या छत्रीला लागले, नंतर मुक्तिलढ्याच्या. आणि निवृत्त विजेत्यांना निवारा मिळाला तो मठात. या स्थलांतरांवर ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहावा.

आबे फारिया यांच्या पुतळ्याचा उल्लेख येथे ओघाने करतो. पणजीत १९४५ मध्ये बसविलेला, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा गोव्यातील उत्कृष्ट शिल्पांपैकी एक आहे याबद्दल दुमत नसावे. त्यात मोहननिद्राशास्त्राचे प्रणेते फारिया आहेत, त्यांच्या हातांच्या प्रभावाखाली मागे झुकणारी स्त्री आहे. १७८७ च्या पिंटोंच्या कटाशी ज्यांच्या वडिलांचे नाव निगडित झाले, देशी धर्मगुरूंना बढती नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध जी पिढी उठली, त्या पिढीचा धर्मगुरू त्यात दिसत नाही. त्या कटानंतर पंधरा जणांना फाशी झाली आणि अनेक धर्मगुरू लिस्बनच्या तुरुंगात गेले. शाळेच्या सहलीत मुलांना जादूगार दाखविला जातो. शिल्पकाराचा त्यात दोष नाही. पोर्तुगीज राजवटीत १९४५ मध्ये दुसरे काय उभे राहू शकले असते?

आता कुंकळ्ळीकडे वळू. दोन्ही स्मृतींची कसोटी एकाच मापाने लावली पाहिजे, नाहीतर आमची टीका ही केवळ वकिली ठरेल.

स्मारकाचा पहिला निर्णय म्हणजे कथा कोठून सुरू करायची. आमची कथा त्या सकाळी सुरू होते. निःशस्त्र धर्मगुरू, क्रूस, मग भाले. त्याआधीचे जळालेले देऊळ कथेच्या बाहेर राहते. प्रमुखांच्या स्मरणाची कथा जळालेल्या देवळापासून सुरू होते आणि असोळण्याच्या किल्ल्यात संपते. विहिरीत टाकलेली शवे त्यात ओझरती येतात किंवा येतच नाहीत. दोन्ही कथांतील प्रत्येक वाक्य खरे असू शकते. खोटेपणा आहे तो सुरुवातीच्या निवडीत.

आमच्या बाजूने एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, आणि ती धर्मगुरूंच्या पत्रिकेत नाही सांगितली तर कोठे सांगणार? पाशेको आणि बेर्नो हे आधीच्या लष्करी मोहिमांबरोबर होते. देवळे पाडली गेली तेव्हा ते तेथे होते. ही माहिती शत्रूच्या बखरीतली नाही. ती आमच्याच येशूसंघीय वृत्तांतांतून आलेली आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ती अभिमानाने नोंदविली आहे. चौथ्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने साठाव्या नियमात असे ठरविले होते की, मूर्ती फोडताना जो मारला जाईल त्याची गणना हुतात्म्यांत करू नये. शुभवर्तमानात तसे सांगितलेले नाही आणि प्रेषितांनी तसे कधी केल्याचे आढळत नाही. छळ सोसणाऱ्या, अजून राज्यसत्ता हाती न आलेल्या ख्रिस्तसभेचा हा विवेक आहे. तो नियम कुंकळ्ळीला जसाच्या तसा लागू होतो असे आम्ही म्हणत नाही. १५८३ च्या त्या सकाळी हे पाच जण मूर्ती फोडीत नव्हते, आणि हाती आलेली बंदूक त्यांनी वापरू दिली नाही. त्या क्षणी त्यांनी दिलेली साक्ष खरी होती असे आम्ही मानतो. परंतु गावकऱ्यांनी त्यांच्यामागे न आलेले सैन्य पाहिले. कारण मागच्या वेळी ते आले होते. साक्षीदाराच्या पाठीशी तोफ उभी असली की साक्ष ऐकू येत नाही, तोफच ऐकू येते.

याची उलट बाजू आक्वाविवांच्या चरित्रातच आहे. १५८० ते १५८३ ही वर्षे ते अकबराच्या दरबारात होते. तेथे त्यांच्यामागे एकही शिपाई नव्हता. मौलवींशी वाद झाले, प्रसंगी जिवाला धोकाही निर्माण झाला, पण बादशहाने त्यांना सन्मानाने ऐकले आणि सन्मानाने परत पाठविले. साष्टीत परतल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांचा वध झाला. परक्या मुलुखात जे सुरक्षित राहिले, त्यांना ‘आपल्या’ मुलुखात मरण आले. याचा विचार आमच्या कोणत्याही चरित्रपुस्तिकेत आम्ही वाचलेला नाही.

दुसऱ्या बाजूच्या स्मरणातही एक अडचण आहे. गेल्या काही वर्षांत कुंकळ्ळीचा उठाव हा युरोपीय सत्तेविरुद्धच्या पहिल्या स्वातंत्र्यलढ्यांपैकी एक म्हणून गौरविला जातो. प्रमुखांचा जो विश्वासघात झाला तो इतिहासात नोंदला जाणे हा न्यायच आहे आणि त्यास साडेचारशे वर्षे लागू नयेत असे आम्हांला वाटते. पण ते प्रमुख राष्ट्रासाठी लढले का? ते आपल्या देवीसाठी, आपल्या गावकीसाठी, आपल्या भाताच्या खळ्यासाठी लढले. राष्ट्र ही कल्पना त्यांच्या ओठी घालणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा बोलणीच्या नावाने किल्ल्यात बोलावणे होय. शिवाय या प्रमुखांचे वंशज आज हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत, आणि स्मारकासाठी खपलेल्यांत आमच्याच चर्चमध्ये मिस्साला येणारे लोक आहेत. राष्ट्रीय सोहळ्याच्या भाषणात मात्र ‘ते’ आणि ‘आम्ही’ असे दोनच गट उरतात. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा आमच्या काही बांधवांनी भीती व्यक्त केली. त्या भीतीची कारणे आम्ही जाणतो. तरी आपला पहिला उद्गार भीतीचा असू नये. देवळे पाडली गेली हे खरे आहे, हा पहिला उद्गार असावा. सरकार त्या सत्याचे काय करू पाहते हा त्यानंतरचा प्रश्न आहे आणि तोही निर्भयपणे विचारता येतो, पण पहिले वाक्य बोलून झाल्यावर.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या नावाने वापरलेली सक्ती त्यांत होती. स्मृतीचे शुद्धीकरण असा शब्दप्रयोग तेव्हापासून आमच्या वर्गांत रूढ झाला आहे. तो रोममध्ये सोपा आहे. कुंकळ्ळीत त्याचा अर्थ विहिरीचे नाव घेताना देवळाचेही नाव घेणे असा होतो.

परंतु ज्यांच्याविषयी आम्हांला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते अजून राहिले आहेत. त्या सकाळी पाच येशूसंघीयांबरोबर रॉद्रिग्ज आणि चौदा देशी ख्रिस्ती मारले गेले. धन्यपद मिळाले ते फक्त पाचांना. चौदांपैकी काहींचीच नावे आपल्यापर्यंत आली. एक आल्फोन्स, पाशेकोंचा वेदीसेवक. त्यांचे प्रार्थनापुस्तक त्याने छातीशी धरले होते. ते सोडीना म्हणून त्याचे हात तोडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा त्याला संपविण्यात आले. दुसरा दोमिनिक. हा कुंकळ्ळीचाच मुलगा, राशोलला शिकायला ठेवलेला. मोहिमांच्या वेळी धर्मगुरूंबरोबर येऊन गावातील देवळे कोठे आहेत हे त्याने दाखविले होते. त्या दिवशी त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारले.

वाचकांनी या मुलाचा क्षणभर विचार करावा. त्याला देवळांच्या वाटा ठाऊक होत्या, कारण त्याच वाटांनी तो आजीबरोबर गेला असेल. ज्यांनी त्याला अक्षर शिकविले त्यांच्यावर त्याने विश्वास ठेवला. हे वय असे असते की कोणीतरी मोठ्याने “दाखव” म्हटले की मूल दाखविते. त्याला कोणी हुतात्मा म्हणावे? आमची धन्यपदाची यादी त्याला घेत नाही. प्रमुखांच्या स्मरणात तो बसूच शकत नाही. तेथे तो असलाच तर फितूर म्हणून. काकाने कोणत्या हाताने त्याला मारले आणि नंतर त्या घरात काय झाले हे कोणत्याही शिळेवर येणार नाही. आणि तरीही त्या दिवशी कुंकळ्ळीचे पूर्वज कोणत्या बाजूला होते या प्रश्नाचे सर्वांत खरे उत्तर हाच मुलगा आहे. एकाच घरातले दोघे दोन्ही बाजूंना होते.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्यांना बोल लावतो. आम्ही वाडवडिलांच्या काळी असतो तर त्यांच्या पापात सामील झालो नसतो, असे म्हणत ते कबरी शृंगारतात. स्मारकावरची यापेक्षा कठोर टीका आम्हांला माहीत नाही. हार घालणारा हात आपण निर्दोष असल्याची खात्री करून घेत असतो, आमचाही, त्यांचाही.

मग स्मृती जपावी कशी? कुंकळ्ळीनेच याचे एक उत्तर दिलेले आहे, आणि ते आमच्या किंवा सरकारच्या परवानगीने दिलेले नाही. श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण ही गावची देवी त्या धामधुमीत फातर्प्याला नेण्यात आली. तिचे मोठे देऊळ आज तेथे आहे. पण दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत ती आपल्या जुन्या गावी परत येते. बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या तिच्याबरोबर असतात, गुलाल उधळला जातो, आणि या छत्रोत्सवात ख्रिस्ती कुटुंबेही सामील होतात, कारण वांगड त्यांचेही आहेत. देवी काही सांगत नाही, भाषण होत नाही. एकेकाळी ती येथे होती आणि तिला जावे लागले, एवढेच पायांनी चालून सांगितले जाते. आम्ही त्या देवीचे उपासक नाही आणि त्याविषयी संदिग्धता ठेवण्याचे कारण नाही. तरी मुलाने “ही बाई दरवर्षी इतक्या लांबून का येते?” असे विचारावे आणि बापाने सांगावे, हे गिलगालच्या पद्धतीला आमच्या संगमरवरी पाट्यांपेक्षा अधिक जवळचे आहे हे मान्य करावे लागते.

दुसरे उत्तर आमच्या मराठी परंपरेत आहे. हुतात्म्यांची शवे परत मिळविण्याच्या कामी फादर थॉमस स्टीफन्स यांचा हात होता असे सांगतात. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीतच राहिले. ते सूडाच्या बाजूने काही लिहून गेले असते तर नवल नव्हते. जी शवे हाताळली ती त्यांच्या मित्रांची होती. त्यांनी लिहिले ते सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण, आणि १६१६ मध्ये राशोल येथे ते छापले गेले. जुनी पुराणे हातची गेल्यावर नवख्रिस्ती श्रोता गुरूकडे पुराण मागतो, अशी त्या ग्रंथाची सुरुवात आहे. ज्यांची स्मृती काढून घेतली गेली त्यांची मागणी या इंग्रज गुरूने ऐकली. देऊळ परत देणे त्याच्या हाती नव्हते; ओवी होती. त्या छापील आवृत्तीची आज एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून, घराघरांत उपवासकाळात होणाऱ्या वाचनांतून. तो चौकात बसवला असता तर कदाचित आज संग्रहालयात असता.

हा प्रश्न केवळ साष्टीचा नाही. बेळगावातील आमच्या वाचकांना १ नोव्हेंबर हा दिवस ठाऊक आहे. एका रस्त्यावर तो राज्योत्सव असतो आणि शेजारच्या गल्लीत काळा दिवस. दोन्ही मिरवणुकींत आपल्या धर्मग्रामातील माणसे असतात आणि रविवारी ती एकाच वेदीपाशी येतात. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस आता अस्मिता दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. निर्णय झाला, तो योग्य झाला असे मानणारे आमच्यातही अनेक आहेत. पण जे हरले त्यांची अस्मिता त्या दिवशी कोठे ठेवायची, हे गोव्यात मराठीतून प्रार्थना करणाऱ्या धर्मशिक्षकाने कोणाला विचारावे? सोहळ्याला बहुमत पुरते. मिस्सेला पुरत नाही. तेथे ज्याची आठवण केली जाते तो बहुमताने क्रुसावर दिला गेला होता.

आमच्या विद्यालयात जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या धन्य हुतात्म्यांची मिस्सा होते. त्या वेळी चौदा देशी ख्रिस्त्यांची जी नावे उपलब्ध आहेत ती वाचावीत, असोळण्याच्या किल्ल्यात मारल्या गेलेल्यांसाठीही प्रार्थना करावी, आणि देवळांच्या विध्वंसाचा उल्लेख पश्चात्तापविधीत करावा, असा प्रस्ताव आम्ही मांडला. काही वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी त्यास आक्षेप घेतला. हुतात्म्यांच्या दिवशी मारेकऱ्यांसाठी प्रार्थना हे त्यांना विचित्र वाटले. स्तेफनाच्या मृत्यूची कथा आम्ही त्यांना वाचून दाखविली नाही. ती त्यांना आमच्यापेक्षा चांगली पाठ आहे. निर्णय पुढील वर्षावर ढकलण्यात आला. मध्यंतरी त्या धर्मशिक्षकांना आम्ही पत्र लिहून दोमिनिकची हकीकत कळविली आणि शिबिरात दिलेल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले. आपल्या वाड्यावरील मुलांना त्यांनी ही गोष्ट सांगितली होती. एका मुलाने विचारले म्हणे, त्या काकाचे नाव काय होते. ते आम्हांलाही सांगता आलेले नाही.